मुलं बाहेर गेली, बदली पुण्यात झाली: ऑफिस आणि टेकडी दोन्ही जवळ असणारं भाड्याचं घर कसं शोधायचं

मुलं शिकायला नाहीतर नोकरीला बाहेर पडली, घरात नवरा-बायको दोघंच उरले आणि त्याच सुमाराला पुण्याची ऑर्डर हातात आली, अशी पन्नाशीतली बरीच जोडपी आता दिसतात. नाशिक, नागपूर, कोल्हापूर, डोंबिवली, कुठूनही येतात. आम्ही पण त्यातलेच, नाशिकहून आलो, नोकरी माझी आणि नवऱ्याने व्हीआरएस घेतलेली. ओळखीतले लोक आता सारखे विचारतात की घर कसं शोधलंत, कुठला एरिया बघू, म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहून काढतेय.

इतकी वर्षं घर कुठे घ्यायचं ते शाळेने ठरवलं. शाळेची बस कुठे येते, क्लास कुठे आहे, दहावी आहे तोवर हलायचं नाही. ती अट आता संपली आहे आणि हे फार मोठं स्वातंत्र्य आहे, पण लोक सवयीने परत तसंच घर शोधतात, मोठा थ्री बीएचके, मोठी टाउनशिप, क्लबहाउस, आणि मग वर्षभर तिकडे फिरकतही नाहीत. माझं मत स्पष्ट आहे. आता घर दोनच गोष्टींवर ठरवायचं, टेकडी (किंवा तळं, बाग, नदीकाठ जे तुम्हाला आवडतं ते) गेटपासून चालत दहा मिनिटांत, आणि ऑफिस कुठल्याही वाहनाने खऱ्या ट्रॅफिकमध्ये चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत. याच्या उलटं करू नका. ऑफिसला रोज जावंच लागतं, लांब असलं तरी जाल. टेकडीला जायला गाडी काढावी लागली तर ती फक्त रविवारची होते, मग दोन महिन्यांनी रविवारीही होत नाही.

पायरी १: दोघांचा आठवडा कागदावर मांडा

एरियाचं नाव काढण्याआधी हे करा. कोण कुठल्या दिवशी ऑफिसला जाणार, किती वाजता निघणार, घरून काम किती दिवस. आणि ज्याला नोकरी नाही त्याचा दिवस कसा जाणार, हा प्रश्न तर सगळ्यात आधी विचारा. नोकरीवाल्या माणसाला नवीन शहरात लोक आपोआप मिळतात, ऑफिसात, कँटीनमध्ये. दुसरं माणूस मात्र दिवसभर त्या घरात आणि त्या गल्लीत असणार, त्यामुळे घर निवडताना त्याचं मत मी तर जास्त धरेन. त्याला चालत भाजी आणता येते का, वाचनालय आहे का, सकाळी बागेत हास्ययोगाचा किंवा नुसता गप्पांचा ग्रुप आहे का, गाण्याचा क्लास, देऊळ, पोहायचा तलाव, जे काही त्याचं असेल ते. हिंजवडी फेज थ्रीच्या मागे एखादा उंच टॉवर आणि समोर डोंगर असं घर ऑफिसवाल्याला स्वर्ग वाटेल, पण दुसऱ्याला दुपारी बारा वाजता खाली उतरून बोलायला माणूस नसेल तर सहा महिन्यांत घरात चिडचिड सुरू होते.

याच कागदावर अजून एक लिहा, घरी कोण येऊन राहणार. मुलं दिवाळीत आणि उन्हाळ्यात येतील, पण या वयात आईवडील पण येऊन राहतात, कधी औषधपाण्यासाठी महिना-दोन महिने. म्हणून माझा सल्ला टू बीएचकेचा. एक खोली आपली, एक येणाऱ्याची, आणि येणारं कोणी नसेल तेव्हा तीच घरून काम करायची. मुलांसाठी एकेक खोली धरून थ्री बीएचकेचं भाडं भरण्यापेक्षा ते पैसे चांगल्या जागेत घाला. जुनं घर लगेच विकू नका, भाड्याने द्या किंवा एक खोली सामानाला ठेवून बंद ठेवा, नवीन शहर मानवतंय का ते कळायला वेळ द्या.

पायरी २: ऑफिसवरून टेकडी निवडा

पुण्याचं भाग्य असं की शहराच्या मध्यातच टेकड्या आहेत, पण सगळ्या दिशांना सारख्या नाहीत. पश्चिम आणि दक्षिण श्रीमंत, पूर्व गरीब. म्हणून ऑफिस कुठे आहे त्यावरून बघावं लागतं.

ऑफिस हिंजवडीला असेल तर बहुतेकजण वाकडला घर घेतात. ऑफिस जवळ पडतं हे खरं, पण चालत जाण्यासारखी टेकडी नाही. त्यापेक्षा बाणेर-पाषाणच्या मधल्या टेकडीच्या कडेने बघा, पाषाण, सुतारवाडी, बाणेरची आतली बाजू. टेकडी पण मिळते आणि पाषाण तलाव पण, हिवाळ्यात तिथे पक्षी बघायला लोक लांबून येतात. तलावाच्या अगदी काठावर नको मात्र, जलपर्णी आणि डास दोन्ही असतात, संध्याकाळी खिडक्या लावून बसायला लागेल. बावधन पण चांगलं, चांदणी चौकाचा नवा पूल ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून हायवेला लागणं बरंच सोपं झालंय. आणि एक जागा लोक विसरतात ती म्हणजे निगडी प्राधिकरण. रुंद रस्ते, जुनी झाडं, दुर्गा टेकडी, आकुर्डी स्टेशनवरून पुणे-लोणावळा लोकल, आणि आमच्या वयाची माणसं भरपूर. ज्यांना पुणे शहराचं आकर्षण नाही त्यांनी आधी इथेच बघावं असं मी सांगेन.

ऑफिस येरवडा, कल्याणीनगर, विमाननगर, खराडी या बाजूला असेल तर जरा अवघड आहे. कल्याणीनगरजवळ मुळा-मुठेच्या काठी डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे, वानवडीकडे एम्प्रेस गार्डन आणि कँटोन्मेंटची मोठी झाडं आहेत, पण रोज सकाळी चढायला टेकडी नाही. इथे मेट्रोचा उपयोग करा. वनाझ ते रामवाडी ही लाइन मार्च २०२४ पासून पूर्ण सुरू आहे, म्हणजे कोथरूडला आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळ स्टॉप यापैकी कुठल्याही स्टेशनपासून चालत घर घेतलं तर एकीकडे वेताळ टेकडी आणि दुसरीकडे बसून ऑफिस, शेवटी रामवाडीहून खराडीला रिक्षा किंवा बस. अंतर वाढतं हे कबूल, पण मेट्रोत बसून वाचत जाणं आणि गाडी चालवत सिग्नलला उभं राहणं यात पन्नाशीनंतर पाठीला फार फरक पडतो.

पिंपरी, कासारवाडी, बोपोडी पट्ट्यात ऑफिस असेल तर दुसरी लाइन, पीसीएमसी (पिंपरी-चिंचवड महापालिका) ते स्वारगेट, सप्टेंबर २०२४ पासून पूर्ण. तिच्या दक्षिण टोकाला सहकारनगर आणि त्याला लागून तळजाई टेकडी. तळजाईवर मोर दिसतात, पहाटे चालणाऱ्यांची गर्दी असते, एकट्या बाईला पण मोकळं वाटतं. स्टेशनपर्यंत रिक्षा लागेल तेवढी धरा.

"इथे मेट्रो येणार आहे" या वाक्यावर जास्त भाडं देऊ नका. तुम्ही घर बघताय त्या दिवशी गाडी धावतेय का एवढंच बघा. विकत घेणाऱ्याने भविष्य बघावं, भाडेकरूने आज.

पायरी ३: टेकडी स्वतः चालून बघा, घर नंतर

जाहिरातीत "हिल व्ह्यू" लिहिलेलं असतं. दिसणं वेगळं आणि जाता येणं वेगळं. कितीतरी सोसायट्यांच्या मागच्या भिंतीला टेकडी टेकलेली असते पण भिंतीत दार नाही, मध्ये नाला, आणि वर जायची वाट दीड-दोन किलोमीटर फिरून. म्हणून गेटपासून वाटेच्या सुरुवातीपर्यंत स्वतःच्या पायाने जा आणि घड्याळ लावा. मध्ये हायवे किंवा मोठा रस्ता ओलांडावा लागत असेल तर ते घर माझ्या हिशोबात टेकडीजवळचं नाहीच.

वेताळ टेकडीलाच बघा, तिला एआरएआय (वाहन संशोधन संस्था) आहे तिकडून, गोखलेनगरकडून, पाषाणच्या पंचवटीकडून, लॉ कॉलेज रोडच्या कांचन गल्लीतून अशा कितीतरी वाटा आहेत. यातली एखादी वाट पायाखाली असली की झालं, भाडं मात्र प्रत्येक बाजूला वेगळं आहे. लॉ कॉलेज रोड महाग, पंचवटीही महागच, कोथरूडची बाजू त्यामानाने परवडते, गोखलेनगरला जुनी छोटी घरं मिळतात. टेकडी तीच.

वर गेल्यावर रोज चालणाऱ्या माणसांशी बोला. पावसात वाट निसरडी होते का, कुत्र्यांचा त्रास आहे का, संध्याकाळी किती वाजेपर्यंत लोक असतात, वनखात्याचं गेट असेल तर त्याच्या वेळा काय. ही माहिती एजंटकडे नसते. अंधार पडताना एकट्याने वर थांबू नये, कुठल्याही टेकडीवर.

आणि कृपा करून फक्त ऑगस्टमध्ये बघून निर्णय घेऊ नका. पुण्याच्या टेकड्या पावसाळ्यात आणि त्यानंतर थोडे दिवस हिरव्या असतात, दिवाळीनंतर गवत पिवळं पडतं, मार्च-एप्रिलला सगळं वाळलेलं, कधी वणवा लागतो आणि धूर घरात येतो. मला ती पिवळी टेकडी पण आवडते, पळस-काटेसावर तेव्हाच फुलतात, नंतर बहावा, पण कोकणातल्या हिरव्याची सवय असलेल्या माणसाला धक्का बसतो. उन्हाळ्यातले फोटो मागून बघा.

समोरचं मोकळं रान उद्या पण मोकळं राहणार का हेही तपासा. टेकडी आणि उतारावरच्या बऱ्याच जमिनींवर बीडीपी, म्हणजे जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे, ती जमीन त्यातल्या त्यात सुरक्षित. पण बाजूचा हिरवा प्लॉट रहिवासी झोनमध्ये असेल तर तिथे कधीही खोदकाम सुरू होईल आणि वर्ष-दोन वर्षं धूळ खाल. महापालिकेचा विकास आराखडा ऑनलाइन बघायला मिळतो, त्यात झोन आणि आखलेले रस्ते दोन्ही दिसतात. वेताळ टेकडीवरून बालभारती ते पौड फाटा रस्त्याचा वाद किती वर्षं चालू आहे ते पुणेकरांना माहितीच आहे, तेव्हा आखलेल्या रस्त्याच्या कडेला घर घेताना विचार करा.

नदीकाठ आवडत असेल तर आधी पूररेषा. निळी (वारंवार येणाऱ्या पुराची) आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची) अशा दोन रेषा असतात, निळीच्या आत तर राहूच नका. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडच्या एकतानगरीत खडकवासल्याचं पाणी सोडल्यावर घराघरात पाणी शिरलं. तळमजला किंवा पार्किंग नदीच्या पातळीजवळ असेल तर शेजारच्या दुकानदाराला विचारा, त्या दिवशी पाणी कुठवर आलं होतं, तो बोट दाखवून सांगतो.

पायरी ४: ऑफिसचा रस्ता खऱ्या वेळेला करून बघा

रविवारी दुपारी घर बघायला जाता तेव्हा सगळंच वीस मिनिटांवर असतं. कामाच्या दिवशी, तुमच्या वेळेला, तुमच्याच वाहनाने जाऊन बघा, आणि परतीचा प्रवास पण करा कारण संध्याकाळचा जास्त छळतो. पाऊस असेल तर उत्तम, पुण्यात पहिला मोठा पाऊस पडला की वेळ दुप्पट होतो. गूगल मॅपवर पोचायची वेळ टाकून अंदाज दिसतो, तो सुरुवातीला यादी कमी करायला चांगला, पण सही करण्याआधी एकदा प्रत्यक्ष. कंपनीची बस असेल तर तिचा थांबा कुठे ते बघा, त्याच थांब्याच्या चालत अंतरात घर मिळालं तर निम्मा प्रश्न सुटतो.

पायरी ५: घर बघायचं कधी आणि कसं

मे-जूनला शाळा-कॉलेजवाले सगळे एकदम घर शोधतात, तेव्हा भाडी पण चढतात आणि घरमालक ताठ असतात. आपल्याला शाळा नाही! ऑफिसला रुजू व्हायची तारीख तुम्हाला ठरवता येत असेल तर पावसाळ्याच्या शेवटी शोधा, सप्टेंबर-ऑक्टोबर, तेव्हा गर्दी कमी आणि घरातली ओल डोळ्याला दिसते. पुण्याचा पाऊस पश्चिमेकडून येतो म्हणून पश्चिमेची भिंत हात लावून बघा, कपाट भिंतीला असेल तर उघडून वास घ्या. नुकताच रंग दिला असेल तर जास्तच बघा. जॉइनिंग अचानक असेल तर कंपनीचं गेस्ट हाउस किंवा महिन्याभराचा फर्निश्ड फ्लॅट घ्या आणि तिथून शोधा, लांबून फोटोवर घर ठरवू नका.

एकदा दिवसा जा, एकदा रात्री दहाला. कात्रज-देहूरोड बायपासच्या आसपासच्या बिल्डिंगमध्ये रात्री ट्रकचे आवाज येतात आणि दिवसा ते कळतच नाही. डोंगर समोर आणि हायवे मागे अशी घरं तिकडे बरीच आहेत.

पाणी. बाणेर, बालेवाडी, सूस, म्हाळुंगे, बावधन, या सगळ्या पट्ट्यात बऱ्याच सोसायट्या टँकरवर चालतात. मालकाला नका विचारू, वॉचमनला विचारा की एप्रिलमध्ये दिवसाला किती टँकर येतात. आणि टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये आहेत का भाडेकरूकडून वेगळे घेतात ते लिहून घ्या.

लिफ्ट आणि लिफ्टला बॅकअप. कोथरूड, एरंडवणे, सहकारनगरच्या जुन्या तीन मजली बिल्डिंग फार छान असतात, झाडं, मोठ्या खोल्या, शांत, पण लिफ्ट नसते. आज आपण चढू, सासूबाई आल्या तर? बाथरूमची फरशी ओली करून पाय ठेवून बघा. जवळचं मोठं हॉस्पिटल रात्री किती मिनिटांवर तेही.

याच जुन्या बिल्डिंगांबद्दल एक फार महत्त्वाचं, रीडेव्हलपमेंट. पुण्यात जुन्या सोसायट्या भराभर पाडून नव्या होताहेत. सोसायटीच्या सेक्रेटरीला सरळ विचारा की बिल्डर नेमायचा ठराव झालाय का, करार झालाय का, खाली करायची नोटीस कधी. मालक सांगेलच असं नाही, कारण त्याला तेवढ्यापुरता भाडेकरू हवा असतो. आणि शेजारची बिल्डिंग पाडायला निघाली असेल तर ते पण तुमचंच दुखणं, सकाळी आठपासून ब्रेकर.

पायरी ६: भाव करा, तुमची बाजू भक्कम आहे

घरमालकाला कसा भाडेकरू हवा असतो? दोघंच, पन्नाशीचे, पगार नियमित, भिंतीवर रेघोट्या मारणारं कोणी नाही, पार्ट्या नाहीत, जास्त वर्षं राहणारे. म्हणजे तुम्हीच. हे तोंडाने सांगा आणि त्याचा फायदा घ्या. भाडं कमी होत नसेल तर दोन किंवा तीन वर्षांचा करार मागा आणि दरवर्षीची वाढ आत्ताच ठरवून टाका, पाच टक्के म्हणा. किंवा खिडक्यांना जाळ्या, बाथरूमला हँडल, गीझर बदलून मागा. डिपॉझिट पुण्यात साधारण दोन-तीन महिन्यांचं चालतं, एजंटची फी बहुतेक एक महिन्याचं भाडं, दोन्ही आधी बोलून घ्या. मेंटेनन्स भाड्यात धरलाय का तेही. सोसायटीचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते) मालकाचे असतात, आणि महाराष्ट्रात ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत, कोणी तुमच्या माथी मारत असेल तर हे माहीत असू द्या.

घर बघायच्या आधी टोकन मागणारा माणूस, क्यूआर कोड पाठवणारा, "मी सैन्यात आहे, पोस्टिंग बाहेर आहे" म्हणणारा, याच्यापासून लांब. टोकन द्यायचंच तर मालकाच्या नावाचं वीजबिल, घरपट्टीची पावती आणि इंडेक्स टू (घराच्या नोंदणीचा उतारा) बघून, त्याच नावाच्या खात्यात. मालक परदेशात असेल (पुण्यात हे फार कॉमन आहे) तर सही करणाऱ्याकडे पॉवर ऑफ अॅटर्नी हवी, आणि एनआरआय मालकाला भाडं देताना टीडीएस (भाड्यातूनच कापून सरकारला भरायचा कर) कापायची जबाबदारी भाडेकरूवर असते, भाडं कितीही कमी असलं तरी. सीएला विचारल्याशिवाय सही नको.

पायरी ७: करार नोंदवलेलाच

नोटरी केलेला अकरा महिन्यांचा कागद चालतो असं अजून खूप लोक सांगतात. महाराष्ट्रात चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५, लिव्ह अँड लायसन्सचा (आपण घर भाड्याने घेताना करतो तो) करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत अकरा महिने असो की तीन वर्षं, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. खर्च पण फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून ते पण मिळवायचं. समजा भाडं ३०,०००, अकरा महिन्यांचे ३,३०,०००, डिपॉझिट ९०,००० त्याचे साधारण ८,२५०, एकूण ३,३८,२५०, म्हणजे शुल्क साडेआठशेच्या आसपास. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये. शिवाय जो एजंट घरी येऊन अंगठा घेतो त्याची फी. आधार कार्ड आणि आधारला जोडलेला मोबाइल जवळ ठेवा. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची ती मालकाने, ऑनलाइन होते, तिची प्रत मागून घ्या.

करारात हे असायलाच हवं: लॉक-इन (करार मोडता येत नाही असा सुरुवातीचा काळ) किती महिने आणि तो दोन्ही बाजूंना का फक्त तुम्हाला, नोटीस किती दिवसांची, रंगाचे पैसे कापणार का आणि किती, मोठी दुरुस्ती कोणाची, सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली तर किती महिने आधी सांगणार. तुमची परत बदली होऊ शकते म्हणून लॉक-इन सहा महिन्यांच्या वर जाऊ देऊ नका. पगारात एचआरए (घरभाडे भत्ता) घेत असाल आणि जुनी करपद्धत असेल तर वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेल्यावर मालकाचा पॅन लागतो, तो करारातच लिहून घ्या म्हणजे मार्चमध्ये मागे लागावं लागत नाही.

पायरी ८: किल्ली मिळाल्यावर

सामान आत न्यायच्या आधी सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ काढा, भिंती, नळ, फरशीला गेलेले तडे, मीटरचं रीडिंग, आणि त्याच दिवशी मालकाला पाठवा. डिपॉझिट परत घेताना हाच व्हिडिओ कामाला येतो. गॅस, बँक, आधारचा पत्ता नोंदणीकृत करारावर बदलतो, त्याच्या दोन-तीन प्रती काढून ठेवा.

जुन्या घरातलं सगळं फर्निचर आणू नका. मुलांचे पलंग, अभ्यासाची टेबलं तिकडेच राहू द्या, मुलांना विचारून काय ठेवायचं ते ठरवा. पहिले तीन महिने कमी सामानात काढा, मग लागेल ते घ्या.

आणि पहिल्या आठवड्यापासूनच टेकडीची वेळ एक ठेवा, रोज तीच. त्याच वेळेला तीच माणसं भेटतात, आधी मान हलवतात, मग नाव विचारतात, मग चहाला बोलावतात. कामवाली बाई, चांगला डेंटिस्ट, इलेक्ट्रिशियन, पुढच्या वर्षी रिकामा होणारा त्यांच्या बिल्डिंगमधला फ्लॅट, आम्हाला तरी हे सगळं टेकडीवरच कळलं.